न्यूपोर्टची साठी आणि डॉली पार्टन

न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल, म्हणजे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधला लोकसंगीताचा महोत्सव, म्हटलं की १९६५ सालचा बॉब डिलन आणि लोकसंगीताच्या चाहत्यांना चिडवणारी त्याची इलेक्ट्रिक गिटार, एवढंच बहुतेकांना आठवतं. २०१९च्या जुलैत महोत्सवाची साठी झाली तेव्हा मी बोस्टनहून गेले होते, आणि तेव्हापासून तो किस्सा मला फार अपुरा वाटतो. १९५९ला, पहिल्याच वर्षी, इथे अठरा वर्षांची लोकगायिका जोन बाएझ गायली. ओडेटा गायली, जीन रिची गायली. साठीच्या वर्षी गायिकांच्या या परंपरेला हक्काचा मान मिळाला.

शनिवारचा समारोप गायिका ब्रँडी कार्लाइलने आखला होता आणि तो पूर्णपणे गायिकांचा होता. जूडी कॉलिन्स, शेरिल क्रो, योला, मॅगी रॉजर्स एकमेकींच्या गाण्यात सूर मिसळत होत्या. मग कुठल्याही जाहिरातीत नाव नसलेली, कंट्री संगीताची दिग्गज गायिका डॉली पार्टन मंचावर आली. न्यूपोर्टला ती त्याआधी कधीच गायली नव्हती. तिचं गाजलेलं ‘जोलीन’ सुरू झालं आणि अख्खं मैदान गाऊ लागलं. माझ्या शेजारच्या आजी चक्क रडत होत्या, मीही.

रविवारी लोकगायक पीट सीगर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षाला साजेसा, सगळ्यांनी मिळून गायचा समारोप होता. आपण शाळेत ‘हम होंगे कामयाब’ म्हणत आलो, त्याचं मूळ गाणं, ‘वी शॅल ओव्हरकम’, १९६३ला याच महोत्सवात सीगर, बाएझ, डिलन यांनी हातात हात गुंफून म्हटलं होतं. मला तिथे सारखं तेच आठवत होतं.

जायचं असेल तर आधी हे पक्कं करा: कोण गाणार हे जाहीर होईपर्यंत तिकिटं बहुधा संपलेली असतात. नावं न बघताच घ्या. इथली खरी मजा न जाहीर केलेल्या जुगलबंद्यांत आहे, त्यामुळे पस्तावायची वेळ येत नाही. न्यूपोर्टमध्ये उन्हाळ्यात राहणं भयंकर महाग. मी त्याच राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात मुक्काम केला आणि ६० नंबरच्या बसने ये-जा केली. महोत्सव भरतो फोर्ट अ‍ॅडम्स या किल्ल्यावर; गाडी नेलीत तर तिकडच्या अरुंद रस्त्यावर दुपार जाईल. गावातल्या पेरॉटी पार्कच्या धक्क्यावरून बोट मिळते. किल्ल्यावर पोचायचा तोच सर्वांत सुखाचा मार्ग. सायकलही चालते.

मुख्य मंचासमोरच्या हिरवळीवर सावली जवळजवळ नाही. टोपी, रिकामी पाण्याची बाटली आणि बुटकी घडीची खुर्ची हवीच. खाडीवरचा वारा संध्याकाळी बोचतो, तेव्हा पातळ जाकीटही घ्या. आणि दिवसभर मुख्य मंचाला चिकटून बसू नका. किल्ल्याच्या तटबंदीच्या आतल्या क्वाड मंचावर दुपारी जा. तिथे गाणारे हाताच्या अंतरावर असतात, आणि पुढच्या दोन-चार वर्षांत त्यांतलंच कुणीतरी मुख्य मंचावर दिसतं.