बरोबर उत्तराला लाल फुली

लातूर-औसा भागातल्या कृषी सेवा केंद्र चालकांसाठी सुरक्षित फवारणीवर मोबाइलवर चालणारा छोटा कोर्स करायचं काम माझ्याकडे आलं होतं. स्लाइड, आवाज, चित्रं, कुठेच अडलं नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणांचा ड्रॅग-ड्रॉप (बोटाने ओढून क्रम लावायचा प्रश्न) तर झकास जमला: लाल, पिवळा, निळा, हिरवा, असा विषारीपणाचा उतरता क्रम. निळा पिवळ्यापेक्षा सौम्य, इथे भलेभले चुकले.

घोडं अडलं ते रिकाम्या जागेच्या एका प्रश्नावर. 'फवारणी नेहमी ____ दिशेने करावी.' उत्तर, वाऱ्याच्या. कोर्स चाचणीला दिला आणि निलंग्याहून फोन आला, "सर, वाऱ्याच्याच लिहिलंय की! मग फुली कशाला मारतंय?" स्क्रीनशॉट मागवला. शब्द हुबेहूब तोच. माझ्या लॅपटॉपवर हिरवी खूण, त्यांच्या मोबाइलवर लाल फुली.

कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार, टाकलं. उत्तर आलं, शुद्धलेखन तपासा. पुन्हा लिहिलं, तर म्हणे कॅशे साफ करा. मग व्हिडिओ मागितला. तो पाहून 'आमच्याकडे अडचण दिसत नाही'. दिसेल कशी? तपासत होते इंग्रजी शब्द टाकून! लायसन्स गळ्यात मारताना मात्र यांचेच फोन थांबत नव्हते.

शेवटी दोन्ही शब्द कॉपी करून युनिकोडचे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेले, क्रमांक दाखवणाऱ्या साइटवर चिकटवले. माझ्या शब्दात ०९३१ क्रमांकाचा ऱ, हलन्त आणि य. मोबाइलवरून आलेल्या शब्दात साधा र, म्हणजे ०९३०, मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह, आणि मग य. दिसायला एकच, पण सॉफ्टवेअर क्रमांकाला क्रमांक जुळवतं, त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द.

मग स्वीकारायच्या उत्तरांच्या यादीत दोन्ही रूपं टाकली. दुसरं रूप आपल्या कीबोर्डवरून निघत नसेल तर समोरच्याकडून व्हॉट्सॲपवर मागवून चिकटवा. शेतकऱ्या, दुसऱ्या, पाऱ्या, सगळीकडे हाच घोळ होणार. आकडे मराठी-इंग्रजी दोन्ही भरा. मोबाइलचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दानंतर गुपचूप स्पेस टाकतो, तेही बघा. आणि प्रीव्ह्यूवर विसंबू नका, तिथे टाइप करणारे तुम्हीच असता.

खरं तर आता मी टाइप करायला लावतच नाही. वाऱ्याची दिशा कळते का एवढंच तपासायचंय, त्याला पर्याय पुरतात. फक्त चुकीचे पर्याय घरी बसून रचू नका, दुकानाच्या काउंटरवर ऐका. 'वारं कुठलंबी असू द्या, सकाळी मारलं म्हंजे झालं' हा माझा सगळ्यात जास्त निवडला गेलेला चुकीचा पर्याय.

हो, शफल, म्हणजे पर्यायांचा क्रम आपोआप बदलणं, चालू असेल तर 'वरीलपैकी सर्व' ठेवू नका. माझ्या कोर्समध्ये ते पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं होतं.