तीनदा दाबलेलं बटण

चवथीआधीचा शुक्रवार. म्हापशात बाजाराचा दिवस, त्यात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या सजावटीच्या, खरेदीची गर्दी. साडेदहाला तिथल्या एका घाऊक दुकानातून ताईंचा फोन आला. मी पणजीत पाटोवर ऑफिसात होतो.

"सर, माल चढवायचं बटण दाबलं की पडदा पांढराच राहतो. मिनिटभराने ५०४ येतं. मी तीनदा दाबलं."

तीनदा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. डेटाबेस उघडला तर गूळ, नारळ, कापूर, सगळा साठा तिप्पट वाढलेला. ५०४ म्हणजे सर्व्हरने उत्तराची वाट पाहणं सोडलं. तरीही माल चढवणारी स्क्रिप्ट, म्हणजे पीएचपी भाषेतला प्रोग्रॅम, दर वेळी शेवटपर्यंत धावली होती. समोरचा निघून गेलाय हे पीएचपीला काही पाठवायला गेल्याशिवाय कळत नाही, आणि इथे काही बाहेर पडतच नव्हतं.

स्क्रिप्ट माझीच. ६००० नग, दर शंभरामागे 'इतके नग झाले' अशी एक ओळ. टर्मिनलवर चालवली तेव्हा ओळी एकेक करून उतरल्या होत्या. पण तिथे पीएचपीचं आउटपुट बफरिंग, म्हणजे ओळी लगेच न पाठवता साठवून धरणं, बंदच असतं. सर्व्हरवर ते ४०९६ बाइटचं होतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, तरी साठ ओळींत ते भरत नव्हतं. काम दीड मिनिटाचं, आणि पीएचपी व ब्राउझर यांच्या मधला वेब सर्व्हर, एन्जिनएक्स, साठ सेकंद काही आलं नाही की वाट पाहणं सोडतो.

जादाच्या दोन खेपा नोंदींच्या वेळेवरून हुडकून काढून टाकल्या. मग पीएचपीचं बफर बंद करून प्रत्येक ओळीनंतर फ्लश ('आहे ते लगेच पाठव') टाकलं. ५०४ गेलं. पडदा मात्र शेवटपर्यंत पांढराच! इथे मी तासभर अडकलो. खरं तर उत्तर त्यातच होतं: ५०४ गेलं म्हणजे ओळी एन्जिनएक्सपर्यंत पोचत होत्या, तो त्या स्वतःच्या बफरमध्ये साठवून धरत होता. त्या पानापुरता 'एक्स-ॲक्सेल-बफरिंग: नो' हा हेडर, म्हणजे एन्जिनएक्सला 'साठवू नकोस' अशी सूचना, पाठवला. सगळ्या साइटचं बफरिंग मी बंद केलं नसतं. कुणाचं नेट संथ असलं की पीएचपीची प्रोसेस त्याच्यापायी अडकून राहते.

तीच फाइल दुसऱ्यांदा आली तर नाकारायची, हीही अट घातली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

दुपारी ताईंना दुसऱ्या गाडीच्या मालाची फाइल चढवायला सांगितली. फोन चालूच होता. मागे बाजाराचा गलका, आणि त्या मोठ्याने वाचत होत्या, "शंभर झाले... दोनशे... सर, तीनशे झाले."