अडवलं, पण पुढे काय?

कोथरूडच्या आमच्या किकबॉक्सिंग क्लासमध्ये पहिले आठ महिने मी फक्त मारायला शिकले. जॅब म्हणजे पुढच्या, डाव्या हाताचा सरळ ठोसा, क्रॉस म्हणजे मागच्या, उजव्या हाताचा, हुक म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, आणि लो किक म्हणजे समोरच्याच्या पायावर मारायची लाथ. बॅगवर आवाज छान निघायचा. गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, उभी राहिले, तेव्हा समोरून हात आला की डोळे मिटायचे आणि पाय सरळ मागे जायचे. तीन पावलांत पाठ भिंतीला. दुसऱ्या राउंडनंतर सरांनी थांबवलं. म्हणाले, "ताई, तुम्ही अडवता, पण अडवून तिथंच थांबता. दोन महिने बॅग बंद."

मला आजोबा आठवले. ते शुक्रवार पेठेत तालमीत जायचे. डाव सांगितला की वस्ताद त्याची तोडही, म्हणजे त्यावरचा उलट डावही, घोटून घ्यायचे, असं ते नेहमी सांगत.

पहिले तीन आठवडे नुसता जॅब. माझी पार्टनर बारावीतली मुलगी. ती सांगून, निम्म्या वेगानं जॅब मारायची. मी उजव्या पंजानं तो जरासा ढकलायचा आणि लगेच माझा जॅब द्यायचा. माझा पंजा तिच्या हाताला शोधत पुढे जायचा, कोपर उघडं पडायचं. सरांनी उजव्या काखेत नॅपकिन दाबून धरायला लावला. पडला की मोजणी पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी मी वीसच्या पुढे गेलेच नाही. नजर ग्लोव्हवर ठेवायची नाही, गळ्याखालच्या हाडांवर ठेवायची, हेही तेव्हाच कळलं. मुठीच्या आधी खांदा हलतो. आणि हात येताना तोंडानं श्वास सोडला की डोळे मिटणं कमी होतं.

लो किक अडवणं मात्र जड गेलं. डावा पाय उचलायचा, गुडघा बाहेर वळवायचा, म्हणजे किक नडगीच्या वरच्या, टणक भागावर येते. मी पाय उचलायचे, पण गुडघा आतच राहायचा. शिन गार्ड असूनही एक किक पोटरीच्या कडेला अशी बसली की कर्वे पुतळ्यापासून घरापर्यंत लंगडत आले. आईनं आंबेहळद उगाळून लावली. आठवडाभर पाय निळा होता. त्या दिवसांत मी खुर्चीला धरून फक्त गुडघा वळवायचा सराव करत होते, रोज शंभर वेळा.

मग खरी गोष्ट आली. अडवलेला पाय खाली टेकतो, त्याच क्षणी उजवा क्रॉस निघाला पाहिजे. कारण समोरच्याची किक तेव्हा परतीच्या वाटेवर असते, वजन एका पायावर असतं, गार्डही, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेले हातही, बहुतेक सैल झालेला असतो. अर्धा सेकंद उशीर झाला की तो पुन्हा नीट उभा. म्हणजे बचाव आणि हल्ला ही दोन कामं नाहीतच. टेकणारा पाय हीच क्रॉसची सुरुवात. हे मला सांगून कळलं नाही, पाय ठेवता-ठेवता कळलं.

सगळ्यात उपयोगी ठरला त्यानंतरचा टप्पा, आणि घाईत तोच गाळला जातो. जॅब किंवा लो किक, दोनपैकी काहीही येईल, आधी सांगायचं नाही. वेग तोच, निम्मा. इथं मेंदू दमतो. दोन मिनिटांच्या एका राउंडनंतर मी घामाघूम व्हायचे. वाको या किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांमधल्या लो किक प्रकारात असे तीन राउंड असतात, आणि समोरचा वेग अर्धा ठेवत नाही.

सप्टेंबरमध्ये पुन्हा स्पारिंग झालं. पार्टनरची किक आली, मी पाय उचलला, टेकला आणि क्रॉस थेट तिच्या हेडगार्डवर. ती थांबली. "ताई, हे कधी आलं?" मला एकदम भरून आलं, पण राउंड चालू होता, हात वर घेतले.

तिच्या क्रॉसच्या बाहेरून डोकं डावीकडे काढणं अजून जमत नाही. शनिवारपासून तेच.