शिकवण्याची हजेरी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या ज्या बांधकामावर मी इंजिनिअर आहे, त्या साइटवर लोखंडाचं काम टनावर दिलेलं आहे. फिटरची टोळी जितकं लोखंड कापून, वळवून, बांधून देते तितके टन ठेकेदाराच्या बिलात चढतात आणि त्यातून मिस्त्रीचा हिशोब होतो. बांधकामात नवीन माणूस का टिकत नाही, यावर मीटिंगमध्ये मी बरंच ऐकलं आहे. मुलांना उन्हातलं काम नको, सगळ्यांना मोबाइलवर बसून पैसे हवेत, वगैरे. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी आमच्या यार्डात जे झालं, त्यानंतर हे बोलणं मला ऐकवत नाही.

सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीटचा साचा उभारणारे, बिहारी कारागीर छठसाठी गावी गेले होते, स्लॅब रखडला होता. त्याच सुमारास मुरबाड-शहापूरकडून आठ-दहा तरुण मुलं आणि दोन जोडपी आमच्याकडे आली. तिकडच्या एका आश्रमशाळेतल्या सरांनी मध्यस्थी केली होती. भातकापणी उरकली की त्या पाड्यांवर वीटभट्टीवाल्यांची माणसं फिरतात. घरात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतात आणि सगळं कुटुंब भिवंडीकडे भट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परततं. आम्ही गावात बोलायला गेलो तेव्हा बापांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: पहिला पगार हातात पडेपर्यंत खायचं काय? काय शिकवणार, हे कुणीच विचारलं नाही. उचल देणं आम्हाला शक्य नव्हतं, पण पहिल्याच शनिवारपासून खर्ची, म्हणजे खाण्यापिण्यापुरते पैसे, मिळेल असं मी ठेकेदाराकडून लिहून घेतलं होतं. माणसं आली ती त्या एका ओळीमुळे. कौशल्य विकासाचे फलक आणि मेळावे आपल्या जागी ठीक आहेत, पण उचलीशी सामना खर्चीच करू शकते.

गेटवर आधार कार्ड बघताना एका मुलाला अजून 18 वर्षं पूर्ण नव्हती. तो भावाचा हात धरून उभा होता. त्याला परत पाठवलं, आणि आयटीआयच्या प्रवेशाची माहिती एका कागदावर लिहून दिली. हेल्मेट सगळ्यांना मिळाली. सेफ्टी शूज मात्र स्टोअरमध्ये पुरुषांच्या मापाचेच. दोघी बायकांचे पाय त्यात इकडून तिकडे सरकत होते. लहान मापाचे जोड आणायला स्टोअरच्या मुलाला ठाणे स्टेशनच्या बाजारात पिटाळलं. इंडक्शनला, म्हणजे पहिल्या दिवशीच्या माहितीच्या वेळी, मी त्यांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचं सांगितलं. वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि आमच्याकडे केलेल्या कामाचा दाखला मी स्वतः सही करून देईन. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर याच कामगारांसाठी भरला जातो आणि दाखल्यावर सही करायची वेळ आली की साहेब लोक हात आखडता घेतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

मग आम्ही यार्डात गेलो. मिस्त्री पश्चिम बंगालमधल्या मालदाचा, उमर पन्नाशीकडे झुकलेली. मुंबई-ठाण्यात त्याने किती टॉवर बांधले असतील त्याची गणती नाही. नवीन माणसं बघून त्याने हातातली चाबी, सळई वळवायचं हत्यार, टेबलावर ठेवली.

“मॅडम, इनको सिखाऊँगा तो मेरा टन कौन भरेगा?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरोखर विचारत होता. टोळीत नऊ जण, नवांची घरं मालदाला. त्याने तासभर शिकवलं तर तेवढा वेळ लोखंड वळत नाही, आणि ते नवांच्या पैशातून जातं. शिकलेला मुलगा उद्या चार पैसे जास्त मिळाले की दुसऱ्या ठेकेदाराकडे जाणार. मग नवीन माणसाला करायला देतात काय? सळई ओढणं, झाडू मारणं, फार तर रिंगा, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणारी कडी, वळणं. आणि रिंगांचं गणित तर आणखी वाईट. 32 मिमीच्या 12 मीटर लांब सळया तेरा-चौदा झाल्या की टन भरतो. तोच टन 8 मिमीच्या रिंगांनी भरायचा तर कॉलमच्या साध्या मापाच्या रिंगा साडेतेराशेच्या वर वळाव्या लागतात. म्हणजे नवशिक्याच्या वाट्याला कष्ट येतात आणि टन येत नाहीत. म्हणून तो वर्षानुवर्षं बिगारीच्या हजेरीवर राहतो, आणि एक दिवस गावी जातो तो परत येत नाही.

मी मिस्त्रीला आणि ठेकेदाराच्या सुपरवायझरला केबिनमध्ये बसवलं. दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही भांडलो असंच म्हणायला हवं. मी तीन गोष्टी मागत होते. पहिले दोन महिने नव्यांचा पगार कंपनीच्या खात्यातून जावा, टोळीच्या बिलातून एक रुपया कापू नये. नव्यांनी वळलेलं लोखंड टोळीच्याच टनात धरावं. आणि मिस्त्री सकाळी शिकवेल त्या वेळेची त्याला अर्ध्या दिवसाची हजेरी मिळावी, टन भरो न भरो. सुपरवायझर म्हणाला, पायंडा पडेल. मी म्हटलं, पडू दे, तोच पाडायचाय. शेवटी प्रोजेक्ट मॅनेजरने फोनवर होकार दिला. रखडलेला स्लॅब त्यांच्या डोक्यात होता हे मला ठाऊक आहे, पण होकार तो होकार.

दुपारी मिस्त्रीने जे शिकवलं, तसं मला इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी शिकवलं नाही. त्याने आधी सगळ्यांकडून एक कॉलम बांधून घेतला, एक अक्षर न बोलता. मग एक उभी सळई धरून हलवली. गाठी सैल, सगळा पिंजरा डुलला. कटर हातात देऊन म्हणाला, सगळ्या तारा कापा, परत बांधा. तिसऱ्या वेळी पिंजरा जागचा हलला नाही. मुलांच्या बोटांना तार लागली होती, पण उठून कुणी गेलं नाही.

एका जोडप्यातली बाई बारावीपर्यंत शिकलेली. सुपरवायझर म्हणाला, हिला कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे, लावायला बसवा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, मला पण रिंग वळायला द्या ना.” मिस्त्रीने काही न बोलता चाबी तिच्यासमोर सरकवली. मी तिला ड्रॉइंग उघडून दाखवलं. 300 बाय 750 चा कॉलम, चारी बाजूंनी लोखंडाबाहेर 40 मिमी काँक्रीटचं कव्हर, म्हणजे रिंग 220 बाय 670. हुकांची लांबी मिळवायची, वाकांची वजावट करायची, हे एकदा सांगितलं. तिने सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर मांडलं आणि 1844 मिमी काढलं. मिस्त्रीच्या टेबलावर खडूची खूण आधीपासून होती, 1850 वर. तो कागदाकडे बघत राहिला आणि हसला. मग हुक 135 अंशांतच का वळायचा ते त्याने तिला स्वतः समजावलं. इमारत हादरली, बाहेरचं कव्हर निखळलं, तर काटकोनातला हुक उघडतो. आत वळलेला हुक काँक्रीटच्या पोटात धरून राहतो. त्याला आयएस 13920 हा भूकंपाच्या मानकाचा आकडा माहीत नाही. त्यातला अर्थ त्याला पुरेपूर माहीत आहे. इतक्या वर्षांत साइटवर मी बायकांना घमेलीच उचलताना पाहिलं आहे. त्या दुपारी तिने वळलेली रिंग गुण्यात, अचूक काटकोनात, बसली तेव्हा मला भरून आलं.

संध्याकाळी मिस्त्री केबिनमध्ये आला. म्हणाला, या नव्यांची परीक्षा होणार, यांना प्रमाणपत्राचा कागद मिळणार, मग मला कोण देणार? प्रश्न रास्त होता. पूर्वानुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे, पण टोळीबरोबर साइटमागून साइट फिरणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचवणार कोण? त्याचं नाव मी त्याच रात्री प्रमाणपत्राच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं.

शिमग्याला निम्मी मुलं गावी गेली. त्यातले काही परत आले नाहीत, दोघे भट्टीवर गेल्याचं कळलं. दोन्ही जोडपी राहिली. ती बाई आता बीबीएस, म्हणजे सळयांच्या मापांचा तक्ता, वाचून कटिंगची यादी काढते आणि तिची हजेरी फिटरची लागते, बिगारीची नाही. त्यासाठी पुन्हा एकदा भांडावं लागलं.

पुढच्या टॉवरच्या लोखंडकामाच्या निविदेत मी शिकवण्याच्या हजेरीची वेगळी बाब घातली आहे. ठेकेदारांनी दर भरायचे आहेत. मिस्त्रीने त्याच्या अटी आधीच सांगून ठेवल्या: एका वेळी चारच माणसं द्या, आणि पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या हातात झाडू देऊ नका.