ताप उतरला, धाप लागली

ताप गेला म्हणजे पोर बरं झालं, हे आमच्या खानापूर भागात सगळेच धरून चालतात. जांबोटीकडच्या एका सव्वा वर्षाच्या मुलाने ते खोटं पाडलं.

भर पावसात आणलं तेव्हा ताप १०३, वजन नऊ किलो. घरी बाप आणि थोरली बहीण दोघंही तापाने आडवी. याचा ताप कालचाच, म्हणून स्वॅब बेळगावला धाडला आणि रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिव्हिरचं सिरप चालू केलं, ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. फ्लूवर हे औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप नव्हता. घरचे खुशीत. मी झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मिनिटभर मोजले, ६४ श्वास. रक्तातला ऑक्सिजन ८९ टक्के. छातीत दोन्ही बाजूंना शिट्ट्या. आजीचा सूर लगेच बदलला, "औषध लागूच होईना झालंय मॅडम. दुसरं काहीतरी पावरचं द्या की वो!"

दुपारी रिपोर्ट आला : इन्फ्लुएंझा ए, म्हणजे फ्लू, पॉझिटिव्ह; आरएसव्ही, म्हणजे लहान मुलांना धाप लावणारा दुसरा विषाणू, तोही पॉझिटिव्ह.

म्हणजे औषध लागू झालं होतं, पण अर्ध्याच दुखण्याला. पेशीतून बाहेर पडलेले फ्लूचे नवे विषाणू न्यूरामिनिडेज नावाच्या कात्रीने स्वतःला कापून मोकळे होतात. ऑसेल्टामिव्हिर ती कात्रीच धरून ठेवतं. आरएसव्हीकडे ही कात्री नाहीच. शिवाय त्याची धाप तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते, म्हणजे नेमकी ताप उतरल्यावर.

ज्युनिअरला अँटिबायोटिक चढवायचं होतं. एक्स-रेत न्यूमोनियाचा डाग नव्हता, मी नको म्हटलं. सिरप मात्र पाच दिवस पुरं करायचं ठरवलं. बाकी आरएसव्हीला द्यायला औषध नव्हतं : हाय-फ्लो ऑक्सिजन, नाक साफ करत राहणं, नळीने दूध. बापाला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. काही न देणं हाही उपचार असतो, हे फी भरणाऱ्याला कसं सांगायचं?

दोन विषाणू एकत्र आले की आजार दुप्पट होतो, असंही नाही. पहिल्याने शरीरात इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंना अडवणारं शरीराचंच प्रथिन, जागं केलं की दुसऱ्याला पाय रोवणं जड जातं. २००९ मध्ये युरोपात काही ठिकाणी सर्दीच्या रायनोव्हायरसमुळे स्वाइन फ्लूची साथ उशिरा पसरली, असं मानतात. उलट २०२२ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांना फुप्फुसाच्या पेशींत फ्लू आणि आरएसव्हीचे चक्क जोडकण सापडले. आरएसव्हीचं प्रथिन वापरून ते फ्लूच्या अँटिबॉडींना चकवत होते. ते प्रयोगशाळेतलं, आमच्या पोरात तसं झालं असं मी म्हणत नाही. स्वॅबची पीसीआर तपासणी तर ओसरलेल्या विषाणूचे अवशेषही पकडते, म्हणून मी रिपोर्टपेक्षा झबल्याखाली जास्त बघते.

दोन रात्री जड गेल्या. मग श्वास पन्नाशीत आले आणि त्याने नळी ओढून काढली.

घरी सोडताना आजीला मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजायला शिकवलं. चाळीसच्या वर गेले की सरळ इकडे आणायचं, ताप असो नसो. तिने विचारलं, "रडूलालाय तवा मोजू काय?"

"नको, शांत असताना. झोपला असेल तर उत्तम."