व्हाइट होगनचं कडं: ‘केबी’ मागे घेतोय

व्हाइट होगन ही अमेरिकेतल्या ॲरिझोनातली चांदीच्या दागिन्यांची कार्यशाळा. मागच्या नोंदीत तिथलं हे चांदीचं कडं नवाहो (तिथली एक मूळनिवासी जमात) कारागीर केनेथ बिगे यांचं ठरवलं होतं. ते चुकलं. आतल्या बाजूला होगनचा (नवाहोंच्या पारंपरिक घराचा) छाप आहे, पण तो कार्यशाळेचा. कारागीर कळतो तो शेजारच्या आद्याक्षरांवरून. ‘केबी’ (KB) म्हणजे बिगे, ‘एके’ (AK) म्हणजे तिथलेच ॲलन की (Kee). दोन्हींत ‘के’ आहे आणि इथे अक्षरं पॉलिशने जवळजवळ पुसली गेली आहेत.

घोळ झाला तो अक्षरं वाचायला घेतलेल्या सिलिकॉनच्या साच्यात. साच्यात सगळं उलटं उमटतं, आणि फोटो आडवा उलटवायचा राहिला. डावीकडची उभी रेघ ‘के’ वाटली, उजवीकडचा धूसर ठसा ‘बी’. रेघेच्या डावीकडचा तिरका तुकडा ओरखडा म्हणून सोडून दिला होता. तो ‘के’चाच हात निघाला. फोटो उलटवल्यावर ‘के’ उजवीकडे गेला. आता डावीकडे आलेला ठसा वर निमुळता, तळाशी दोन पाय फाकलेला. म्हणजे ‘ए’. होगनची आकृती दोन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे तिने इशारा दिला नाही. साच्यात ‘स्टर्लिंग’ हा चांदीच्या शुद्धतेचा छापही घ्या, तो उलटा दिसला की चूक तिथल्या तिथे कळते.

साचा घेताना दातांचे ठसे घ्यायला वापरतात ती ॲडिशन सिलिकॉन पुट्टी घ्या, तिचे दोन्ही भाग सारख्या प्रमाणात मिसळा. लेटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यातल्या गंधकाने पुट्टी चिकटच राहते, नायट्रिलचे घाला. थर किमान 5 मिमी ठेवा, पातळ साचा काढताना वाकतो आणि अक्षरांमधलं अंतर बिघडतं.

त्याआधी चांदी डिपमध्ये (चांदी उजळायच्या द्रावणात) बुडवू नका. खोलगटातला काळेपणा गेला की अक्षरंही दिसेनाशी होतात. या कड्यात आयर्नवूड या कठीण लाकडाची जडण आहे, म्हणून भिजवणंही नको. ओलसर कापूस पुरे. अंधारात टॉर्च जवळजवळ आडवा धरून आठ दिशांनी फिरवा. 10 पटीचं ट्रिप्लेट (तीन काचांचं) भिंग घ्या. बाजारातली ‘60 पट’ छापलेली स्वस्त भिंगं कडेला रंग फोडतात, पैसे वाया.

बिगे (1913–1977) फोर्ट विंगेटच्या शाळेत चांदी कारागीर फ्रेड पेश्लाकाईंकडे शिकले, 1946 पासून व्हाइट होगनमध्ये होते, आधी फ्लॅगस्टाफ, मग स्कॉट्सडेल. पुढे नवाहो कम्युनिटी कॉलेजात शिकवलं. चांदीत आयर्नवूड बसवणं त्यांच्या नावाशी जोडलं गेलंय, आणि मागच्या वेळी त्या लाकडानेच मत ‘केबी’कडे झुकवलं. एकाच कार्यशाळेत घाट आणि साहित्य हातोहात फिरतं, तेव्हा लाकूड हा पुरावा धरायचा नाही.

पुढे अक्षरांची उंची व्हर्नियरने मोजायची होती. पण आत्ता लिहिताना सुचलं, कड्याच्या दर्शनी बाजूच्या नक्षीत पंचांचे (नक्षी ठोकायच्या हत्यारांचे) ठसे पाहिले तर? कडेला टवका उडालेला पंच प्रत्येक ठोक्याला तोच टवका उमटवतो. खात्रीच्या ‘एके’ कड्यावर तसाच टवका सापडला, तर पुसलेल्या अक्षरांपेक्षा तो पुरावा भक्कम. व्हर्नियर थांबेल, आधी दर्शनी बाजूचे साचे.