बॉल पायथनसाठी कोकोपीट: पाच किलोचा ठोकळा

गेल्या हिवाळ्यात आमच्या बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. शेपटीच्या टोकाला एक पट्टा तसाच चिकटून राहिला. पेटीत खाली नुसते वर्तमानपत्राचे कागद होते, ओलावा टिकणार कुठून? (साप पश्चिम आफ्रिकेतल्या जातीचा, आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद केलेली आहे. आपल्याकडचा अजगर, घोरपड, तारा कासव घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगते.)

म्हणून ओलावा धरून ठेवणारं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, घालायचं ठरवलं. पेट शॉपमध्ये त्याची ६५० ग्रॅमची वीट ३२० रुपयांना होती. भिजवली की जेमतेम ८ लिटर होते. आमची पेटी ४ फूट बाय २ फूट, थर ३ इंचांचा, म्हणजे ५५ लिटर तरी हवं. सात विटा! नर्सरीवाले वापरतात तो ५ किलोचा ठोकळा फुगून ७० लिटरच्या आसपास जातो.

पहिला ठोकळा ऑनलाइन मागवला आणि फसले. पिशवी उघडताच पेंडीचा वास आला. मागे बारीक अक्षरांत निंबोळी पेंड आणि खत लिहिलेलं होतं. तो सगळा कुंड्यांत गेला.

मग सोलापूर रस्त्याने पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले. तिथल्या एका नर्सरीवाल्या काकांनी विचारलं, "ताई, रोपांना पाहिजे का?" सापाचं सांगितल्यावर ते क्षणभर थांबले, पण ऐकून घेतलं. "मग लो ईसी न्या. धुतलेला माल आहे, पोल्लाचीचा. खत-बित काही नाही." २२० रुपये.

ईसी म्हणजे साध्या भाषेत खारटपणा. नारळाच्या सोडणात मूळचेच क्षार असतात, आणि सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर आणखी वाढतात. धुतलेला म्हटलं तरी मी खात्री केली. घरात आरओचं पाणी तपासायचा टीडीएस मीटर होताच, तो पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो. नळाचं पाणी १२० दाखवत होतं. पहिल्या भिजवणीचं पाणी निथळून त्यात मीटर बुडवला तर ६४०! दुसऱ्या धुण्यानंतर ३१०, तिसऱ्यानंतर १७०. तिथे थांबले. जुन्या सुती ओढणीत बांधून पिळलं, लांब काथ्या हाताने वेचून काढला आणि गच्चीत दोन दिवस पसरलं.

ओलं किती ठेवायचं ते हातालाच कळतं. मुठीत आवळलं की गोळा व्हायला हवा, पण बोटांतून थेंब गळता कामा नये. चिंब ठेवलं तर पोटाकडचे खवले सडतात. अगदी कोरडं झालं तर धूळ उडते आणि ती सापाच्या नाकातोंडात जाते. मी वरून फवारत नाही, एका कोपऱ्यात थोडं पाणी ओतते. खालचा थर ओला राहतो, वरचा कोरडा.

यंदा कात अखंड निघाली, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट (सापाच्या डोळ्यांवरचं पारदर्शक आवरण). मी ती उजेडात धरून दोन्ही टोप्या मोजल्या.

उरलेलं कोकोपीट पुरतं वाळवून गोणीत बांधून ठेवलंय. विष्ठेचा भाग मी रोज चमच्याने काढते, आणि नंतर साबणाने हात धुते, सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला नावाचा जंतू येऊ शकतो म्हणून. पेटीतलं कोकोपीट आता दिवाळीनंतर बदलायचं.